वजनकाट्याच्या पलीकडे : मांसधातूचे मोजमाप आणि सी.टी. स्कॅन

आपल्या चिकित्सालयात येणाऱ्या रुग्णाच्या केसपेपरवर वय, नाडी, जिव्हा, रक्तदाब यांच्याबरोबर वजनाचा आकडा आपण न चुकता लिहितो. उपचारानंतर कृश रुग्णाचा हा आकडा वाढला आणि स्थूल रुग्णाचा घटला, की आपणही समाधानी होतो व रुग्णही. हे समाधान कितपत शास्त्रशुद्ध आहे, असा प्रश्न प्रस्तुत लेखात मांडावयाचा आहे. कारण वजनकाटा सर्व धातू एकत्रच तोलतो. वाढलेले तीन किलो मांसाचे आहेत, मेदाचे आहेत की शरीरात साठलेल्या द्रवाचे, हे तो सांगत नाही. घटलेल्या तीन किलोंपैकी किती मेद गेला आणि किती मांस गेले, हेही सांगत नाही. धातूंची वृद्धी आणि क्षय हाच ज्या शास्त्राचा पाया आहे, त्या शास्त्राच्या चिकित्सकाने सर्व धातूंची बेरीज पाहून उपचाराचे यशापयश ठरवावे, ही विसंगती आहे.

आधुनिक वैद्यकात गेल्या दोन दशकांत सी.टी. स्कॅनच्या साहाय्याने कंकालपेशींचे, म्हणजे ज्यांच्यामुळे आपण चालतो, उठतो, वजन उचलतो त्या स्नायूंचे, मोजमाप करण्याची पद्धत रूढ झाली आहे. या पद्धतीकडे आपण वैद्यांनी कसे पाहावे? माझे मत थोडक्यात असे आहे. मांस मोजण्यासाठी म्हणून कोणाही रुग्णाला सी.टी. करावयास पाठवू नये. परंतु अन्य कारणाने जो सी.टी. आधीच झालेला आहे, त्यातील मांसधातूची माहिती वाया जाऊ देऊ नये. आणि 'बल्य', 'बृंहण' या शब्दांचा दावा करताना वाढले ते मांसच वाढले, हे दाखविण्याची जबाबदारी आपण स्वीकारावी.

फिल्ममध्ये असलेली, अहवालात नसलेली माहिती

प्रथम ही पद्धत समजून घेऊ. सी.टी. यंत्र क्ष-किरणांच्या साहाय्याने शरीराचे आडवे छेद दाखविते. प्रत्येक छेदातील प्रत्येक बिंदूला त्याच्या घनतेनुसार एक अंक मिळतो. या यंत्राचे एक जनक गॉडफ्रे हाउन्सफिल्ड (१९७९ च्या नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी) यांच्या नावाने तो अंक ओळखला जातो. या मापात पाणी ० वर आणि हवा उणे १००० वर असते. मेदाचे ऊतक साधारणतः उणे १९० ते उणे ३० या पट्ट्यात येते, तर कंकालपेशींचे उणे २९ ते अधिक १५० या पट्ट्यात. म्हणजे मांस आणि मेद यांच्या सीमा यंत्र अंकांनीच वेगळ्या करते.

संपूर्ण शरीराचे मांस मोजण्यासाठी संपूर्ण शरीराचे छेद घ्यावे लागत नाहीत. कमरेच्या भागातील एकाच छेदावरून सर्व शरीरातील मांसाचा चांगला अंदाज येतो, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले आणि पुढे तिसऱ्या कटिकशेरुकेचा, म्हणजे 'एल-थ्री'चा, स्तर सर्वमान्य झाला. या छेदात सोआस, पाठीच्या कण्यालगतच्या पेशी आणि उदराच्या भिंतीच्या पेशी एकत्र दिसतात. त्यांचे क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये काढून रुग्णाच्या उंचीच्या (मीटरमधील) वर्गाने भागले, की कंकालपेशी निर्देशांक मिळतो. या कामासाठी 'इमेज-जे'सारखी मोफत संगणक प्रणालीही चालते. अलीकडे तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित प्रणाली हे काम आपोआप करतात.

या मोजमापाला महत्त्व का आले, हे पाहण्यासारखे आहे. २००८ मध्ये कॅनडातील कार्ला प्राडो व त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगाच्या २५० स्थूल रुग्णांचे सी.टी. तपासले. त्यांपैकी ३८ रुग्ण दिसावयास स्थूल, परंतु मांसाने क्षीण होते. या रुग्णांची हालचाल करण्याची क्षमता कमी होती आणि इतर स्थूल रुग्णांच्या तुलनेत त्यांचे आयुष्यही कमी ठरले. काट्यावर पाहिले असता हे सर्वजण 'भरलेले'च होते. वजनाने लपविलेली गोष्ट एका छेदाने उघड केली.

आता आपल्या व्यवहाराकडे पाहू. कर्करोग, यकृताचे विकार, मुतखडा, पोटदुखी अशा नाना कारणांनी पोटाचा सी.टी. झालेले रुग्ण आपल्याकडे येतात. हातात फिल्मची मोठी पिशवी असते, कधी सी.डी. असते. अहवालात यकृत, प्लीहा, वृक्क, आंत्र, लसिकाग्रंथी यांचे तपशीलवार वर्णन असते. मांसाबद्दल बहुधा एक ओळही नसते. मात्र त्याच फिल्ममध्ये तिसऱ्या कटिकशेरुकेचा छेद असतोच. म्हणजे रुग्णाने किरणोत्सार सोसलेला आहे, पैसे खर्च केलेले आहेत, माहिती तयार आहे. ती वाचली मात्र गेलेली नाही.

संहितांतील मांसपरीक्षण

या विषयात आपला वारसा समृद्ध आहे. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात रुग्णाचे बल जाणण्यासाठी जी दशविध परीक्षा सांगितली, तीत सार, संहनन आणि प्रमाण हे तीन स्वतंत्र विषय आहेत. मांससार पुरुषाची लक्षणे सांगताना शंख, ललाट, हनु, ग्रीवा, स्कंध, उदर, वक्ष, हातापायांचे संधी ही स्थाने स्थिर, गुरू आणि मांसाने उपचित असावीत, असा आशय आहे. सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात मांसक्षयाची स्थाने म्हणून नितंब, ग्रीवा आणि उदर यांचा विशेष उल्लेख येतो. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात त्यांत गंड, ऊरू, वक्ष, कक्षा आणि पिंडिका यांची भर घातली आहे. पिंडिका म्हणजे पोटरी. वार्धक्यातील मांसक्षयाची शंका घेण्यासाठी आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये जी सोपी मापे सांगितली, त्यांत पोटरीचा घेर आहे, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो संहनन आणि प्रमाण यांतील भेद. प्रमाण म्हणजे माप आणि संहनन म्हणजे घट्ट, सुबद्ध घडण. सी.टी. देखील दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगतो. एक, पेशींचे क्षेत्रफळ. दुसरी, त्या क्षेत्रफळातील सरासरी घनता. पेशीच्या आत मेद शिरला की घनतेचा अंक खाली येतो. अशी पेशी आकाराने पुरेशी भरते, परंतु कामास कमी पडते. दोन रुग्णांचे क्षेत्रफळ सारखे आणि घनता भिन्न असू शकते. 'किती' आणि 'कसे' हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत, ही दृष्टी आपल्याकडे आधीपासून आहे. संहनन म्हणजेच हाउन्सफिल्डचा अंक, असे समीकरण मात्र कोणी मांडू नये. संहननात अस्थी, संधी, मांस आणि रक्त या सर्वांचा विचार आहे; सी.टी.ची घनता हा त्याचा फार तर एक अंश होय.

चरकाचार्यांचा आणखी एक इशारा येथे अत्यंत समर्पक आहे. केवळ शरीर पाहून हा धिप्पाड म्हणून बलवान आणि हा कृश म्हणून दुर्बल, असा निष्कर्ष वैद्याने काढू नये; लहान शरीराचेही काही जण बलवान असतात, असे सांगून त्यांनी भार वाहणाऱ्या मुंगीचा दृष्टांत दिला आहे. नाशिक जिल्ह्यात व्यवसाय करणाऱ्या कोणाही वैद्याला या दृष्टांताची सत्यता पटेल. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत दिवसभर राबणारी, काट्यावर जेमतेम ४२ किलो भरणारी स्त्री क्रेट उचलून सहज चालते. आणि शहरातील ७० किलोची, गोल दंडांची गृहिणी खुर्चीतून उठताना दोन्ही हातांचा आधार घेते. काट्याने पहिलीला 'कृश' म्हटले आणि दुसरीला 'पुष्ट'.

पुण्याच्या संशोधनाचा धडा

हा विषय परदेशातील रुग्णांपुरता नाही, याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्यासह २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक छोटेसे टिपण प्रसिद्ध केले. त्यात दोघांचे छायाचित्र शेजारी शेजारी होते. दोघांचाही बी.एम.आय. २२.३. उंची-वजनाच्या हिशेबाने दोघे अगदी सारखे. परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. एकच बी.एम.आय. असलेल्या दोन शरीरांतील हा फरक क्ष-किरणांवर आधारित डेक्सा तपासणीने दिसला. काट्याने कधीच दिसला नसता.

याच्या आधी, १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासातून आणखी मूलभूत गोष्ट समोर आली होती. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्पटनच्या बालकांचे ३.५ किलो. आपली बालके सर्वच मापांत लहान होती. मांसाच्या बाबतीत ती विशेष उणी होती, परंतु पाठीवरील त्वचेखालचा मेद त्या मानाने टिकून होता. 'बारीक पण मेदस्वी' असे वर्णन या शरीररचनेला लाभले आणि भारतीयांमधील मधुमेहाच्या विचारात ते आता जगभर वापरले जाते.

अष्टौनिन्दितीय अध्यायात अतिस्थूलाचे वर्णन करताना त्याच्या शरीरात मेदच वाढत जातो आणि इतर धातूंचे तसे पोषण होत नाही, असे म्हटले आहे. म्हणूनच स्थौल्याच्या आठ दोषांत दौर्बल्य गणले आहे. पुण्याच्या संशोधनाने दाखविलेला भाग असा की, हे धातुवैषम्य डोळ्यांना स्थूल न दिसणाऱ्या शरीरातही असते. अशा रुग्णाला आपण 'कृश' समजून केवळ घृत-दुग्धप्रधान बृंहण दिले, तर काय वाढेल, याचा विचार प्रत्येकाने करावा.

'हे आमच्याकडे होतेच' एवढ्याने भागत नाही

असे संदर्भ दिसले, की आपल्या सभा-संमेलनांत टाळ्या पडतात. वक्ता म्हणतो, जे त्यांना आज समजले ते आपल्या आचार्यांनी हजारो वर्षांपूर्वी सांगितले. यात असत्य काही नाही, परंतु अपुरे खूप आहे. मांससारतेची लक्षणे ग्रंथात आहेत हे खरे. परंतु एकाच रुग्णाचे परीक्षण दोन वैद्यांनी स्वतंत्रपणे केले, तर दोघेही त्याला मांससारच म्हणतील काय? आणि ज्याला ते उत्तम मांससार म्हणतील, त्याच्या शरीरात खरोखरच मांस अधिक सापडेल काय? या प्रश्नांची उत्तरे ग्रंथ उघडून मिळत नाहीत; रुग्ण तपासूनच मिळतात.

औषधांच्या बाबतीत हीच स्थिती आहे. अश्वगंधेच्या मांसवर्धक गुणासाठी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली एक भारतीय चाचणी आपण वारंवार पुढे करतो. त्या चाचणीत ५७ पुरुष होते, कालावधी ८ आठवड्यांचा होता आणि सर्वांना वजने उचलण्याचा व्यायाम दिलेला होता. निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत. परंतु ते निरोगी पुरुष होते. आपल्याकडे अश्वगंधा मागावयास येतात ती सत्तरीची, गुडघेदुखीने घरात बसलेली, एक वेळ जेवणारी माणसे. तरुणांवरील निष्कर्ष त्यांना तसाच लावता येत नाही.

या संदर्भात अमेरिकेतील बोस्टन येथे मारिया फियातारोने यांनी केलेला अभ्यास प्रत्येक वैद्याने लक्षात ठेवावा असा आहे. तो १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. वृद्धाश्रमातील १०० दुर्बल वृद्ध, सरासरी वय ८७. काहींना १० आठवडे वजनांचा व्यायाम, काहींना पोषक पूरक आहार, काहींना दोन्ही आणि काहींना दोन्हींपैकी काहीच नाही. व्यायाम करणाऱ्यांच्या पेशींचे बल दुपटीहून अधिक वाढले आणि सी.टी.वर मोजलेले मांडीच्या पेशींचे क्षेत्रफळही थोडे, २.७ टक्के, वाढले. व्यायामाविना दिलेल्या पूरक आहाराने मात्र दौर्बल्य कमी झाले नाही. म्हणजे सत्त्याऐंशीव्या वर्षीही मांसधातू प्रतिसाद देतो, परंतु नुसत्या पोषणाला नव्हे. आपल्याकडील 'बल्य' कल्पाची बाटली देऊन रुग्णाला घरी बसविण्याच्या पद्धतीवर याहून स्पष्ट भाष्य कोणते असू शकेल? अर्धशक्ती व्यायामाचा उपदेश आपल्या संहितांत आहे. प्रिस्क्रिप्शनवर तो क्वचितच लिहिला जातो.

लंघनाच्या नावाखाली मांसाचे शोषण

बृंहणापेक्षाही अधिक काळजी वाटते ती लंघनाची. वजन घटविण्याच्या शिबिरांना, पंचकर्माच्या 'पॅकेज'ना सध्या मोठी मागणी आहे. महिनाभरात पाच-सहा किलो घटल्याच्या जाहिराती आपण पाहतो. तरुण, बलवान, मेदस्वी रुग्णात हे एक वेळ ठीक. परंतु साठीच्या पुढील, मधुमेही, आठवड्यातून दोन उपवास आणि तेही साबुदाण्यावर करणाऱ्या स्त्रीचे पाच किलो घटतात, तेव्हा त्यात मांसाचा वाटा मोठा असू शकतो. पुढे आहार पूर्ववत झाला की वजन परत येते. येताना मात्र मुख्यतः मेद येतो. अशी दोन-तीन आवर्तने झाली, की काट्यावर रुग्ण होता तेथेच असतो आणि आतून मांसाने रिता होतो. वृद्ध आणि दुर्बल यांच्या शोधनाबाबत आचार्यांनी घातलेली बंधने ही जुनाट भीती नव्हे. मांसक्षयाची जाण असलेल्यांनी घातलेले ते कुंपण आहे.

हा दोष केवळ आपल्याकडचा नाही. वजन घटविणारी सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड ही नवी इंजेक्शने २०२५ मध्ये या वापरासाठी भारतीय बाजारात आली. त्यांनी घटणाऱ्या वजनातही मेदाबरोबर काही भाग मेदविरहित ऊतकांचा असतो आणि त्याची चर्चा आज जगभर चालू आहे. धातूंचा स्वतंत्र विचार करणाऱ्या शास्त्राने या चर्चेत पुढे असावयास हवे होते. त्यासाठी आपल्या स्वतःच्या लंघन-उपक्रमांत किती मांस जाते, हे आधी आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

काही आक्षेप

या मतावर तीन आक्षेप येतील. पहिला आक्षेप किरणोत्साराचा. तो रास्त आहे. पोटाच्या एका सी.टी.तून साधारणतः ८ ते १० मिलिसिव्हर्ट किरणोत्सार मिळतो. निसर्गतः माणसाला वर्षभरात मिळणारा जागतिक सरासरी किरणोत्सार २.४ मिलिसिव्हर्ट धरतात. म्हणजे एका तपासणीत तीन-चार वर्षांचा. म्हणूनच मांस मोजण्यासाठी सी.टी. सांगणे मी अनुचित मानतो. परंतु कर्करोगाच्या रुग्णाचा सी.टी. उपचारादरम्यान काही महिन्यांच्या अंतराने पुनःपुन्हा होतच असतो. त्यातील एल-थ्री स्तराचे छेद क्रमाने लावले, तर मांसधातूचा चढउतार कोणतीही नवी तपासणी न करता दिसतो. रसायन चिकित्सा घेणाऱ्या अशा रुग्णांच्या बाबतीत आपल्या हाती हा सर्वांत प्रामाणिक पुरावा आहे. जलोदर किंवा शोथ असलेल्या रुग्णात तर वजन पूर्णपणे फसवे असते. तेथे छेदच खरे सांगतो.

दुसरा आक्षेप मर्यादांच्या आकड्यांचा. प्राडो यांनी पुरुषांसाठी ५२.४ आणि स्त्रियांसाठी ३८.५ चौरस सेंटिमीटर प्रति चौरस मीटर ही सीमा सांगितली. ती कॅनडातील स्थूल रुग्णांवरून आलेली आहे. ती पेठ-सुरगाण्याच्या काटक आदिवासी बांधवांना लावली, तर निरोगी माणसेही रोगी ठरतील. भारतातील निरोगी व्यक्तींवरून काढलेल्या सीमा यापेक्षा खाली आहेत. म्हणून परका आकडा रुग्णाच्या कपाळी मारू नये. प्रमाणपरीक्षेत आचार्यांनी माप धरले ते ज्याच्या त्याच्या अंगुलीचे, स्वांगुलीचे. तीच वृत्ती येथे ठेवावी. रुग्णाची तुलना प्रथम त्याच्या स्वतःच्या आधीच्या छेदाशी करावी.

तिसरा आक्षेप आपल्यातीलच काही ज्येष्ठ वैद्यांचा. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न यांनी परीक्षण करणाऱ्या वैद्याला यंत्राची गरज काय? त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून म्हणावेसे वाटते, की यंत्र हे स्पर्शाचे स्थान घेण्यासाठी नाही, स्पर्शाला शिकविण्यासाठी आहे. पोटरी दाबून जो अंदाज आपण केला, तो छेदावर पडताळता आला, तर पुढच्या शंभर रुग्णांत, ज्यांचा सी.टी. कधीच होणार नाही, आपली बोटे अधिक अचूक होतील.

चिकित्सालयात आजच करता येण्याजोगे

बहुसंख्य रुग्णांचा सी.टी. नसतो, नसावाही. त्यांच्यासाठी आशियाई तज्ज्ञगटाची २०१९ ची मापे कोणत्याही लहान चिकित्सालयात घेता येतील. साध्या मोजपट्टीने पोटरीचा सर्वांत जाड भागाचा घेर घ्यावा. पुरुषांत ३४ सें.मी. आणि स्त्रियांत ३३ सें.मी. पेक्षा कमी असल्यास शंका घ्यावी. पायावर सूज असल्यास हे माप ग्राह्य धरू नये. मुठीचे बल मोजण्याचे उपकरण मिळाल्यास पुरुषांत २८ किलो व स्त्रियांत १८ किलो यांखालील बल कमी समजावे. हातांचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठून बसण्यास १२ सेकंद किंवा अधिक लागत असतील, तर तेही क्षीणतेचे चिन्ह होय. यास घड्याळाव्यतिरिक्त काहीच लागत नाही. या तीन नोंदींशेजारी आपण मांससारता प्रवर, मध्यम की अवर मानली, हे लिहून ठेवावे. आणि ते मापे घेण्यापूर्वी लिहावे, नंतर नव्हे.

आहाराचा प्रश्नही सोबत विचारावा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचविली. वृद्धांसाठी अनेक तज्ज्ञगट १ ते १.२ ग्रॅम सांगतात. दोन पोळ्या, पातळ वरण आणि चहा-बिस्किटांवर राहणाऱ्या आजी-आजोबांना ते कोठून मिळणार? उडीद, मूग, हरभरा, दूध, चालत असल्यास अंडी व मांसरस, हे सर्व अग्नी पाहून, परंतु निश्चयाने सांगावे. अग्नी मंद असता नुसते जड अन्न लादल्याने मांस वाढत नाही, हे वेगळे सांगावयास नको. वृक्कविकार असलेल्या रुग्णात प्रथिनांचे प्रमाण त्याच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.

संघटनेकडून अपेक्षा

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशिकमध्ये आहे. राज्यातील आधुनिक वैद्यक आणि आयुर्वेद या दोन्ही विद्याशाखा या एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली येतात. रेडिओलॉजीचा पदव्युत्तर विद्यार्थी आणि कायचिकित्सेचा पदव्युत्तर विद्यार्थी यांनी एकत्र बसून करावा, असा याहून सोपा विषय मला दिसत नाही. अन्य कारणाने पोटाचा सी.टी. झालेले रुग्ण, त्यांची अनुमती, नैतिक समितीची मान्यता. दोन वैद्यांनी एकमेकांना न विचारता केलेले सार-संहनन परीक्षण. आणि त्या वैद्यांचे निष्कर्ष ठाऊक नसलेल्या रेडिओलॉजिस्टने काढलेले क्षेत्रफळ व घनता. खर्च जवळजवळ नाही, नवा किरणोत्सार नाही. प्रबंधाच्या विषयांसाठी दरवर्षी होणारी ओढाताण पाहता, मार्गदर्शक गुरुजनांनी याचा विचार करावा.

आपल्या संघटनेनेही शहरातील रेडिओलॉजिस्ट मंडळींशी बोलून, पोटाच्या सी.टी.च्या अहवालात एल-थ्री स्तरावरील पेशींचे क्षेत्रफळ आणि सरासरी घनता या दोन ओळी शक्य असेल तेथे देण्याची विनंती करावी. शिरेतून औषध देऊन सी.टी. केला होता की त्याविना, हेही त्यात असावे, कारण त्याने घनतेचा अंक बदलतो. सभासदांसाठी वर सांगितलेल्या मापांचे एक छापील पत्रक काढावे आणि वर्षभराने जमलेल्या नोंदी याच त्रैमासिकात प्रसिद्ध कराव्यात.

या नोंदींतून आपल्या परीक्षणाची प्रतिष्ठा वाढेल, असे मला वाटते. कदाचित काही ठिकाणी आपले अंदाज चुकीचेही ठरतील. काही प्रसिद्ध कल्पांनी मांस न वाढता मेदच वाढतो, असेही दिसेल. तसे दिसले, तर तेही तेवढ्याच ठळकपणे छापावे. वृद्ध रुग्ण आपल्याकडे येतो तो काट्यावरचा आकडा वाढविण्यासाठी येत नाही. त्याला स्वतःच्या पायांवर उठून न्हाणीघरापर्यंत जावयाचे असते, जिना चढावयाचा असतो, कोणावर भार व्हावयाचे नसते. ते बल मांसधातूत आहे, आणि ते वाढले की नाही हे पाहिल्याशिवाय 'गुण आला' असे आपण लिहू नये.